जुन्या अडीच मीटरच्या इलेक्ट्रिक ग्लायडरमधले बॅटरी कनेक्टर कसे ओळखायचे, कुठून आणायचे?

घिरट्या

मंडळी, २.५ मीटर स्पॅनचा, रिमोटवर उडणारा एक जुना इलेक्ट्रिक ग्लायडर उडवण्याजोगा करायचा आहे. फायबरची फ्यूजलाज, फोमवर व्हिनिअर चढवलेले दोन पंख, टी-टेल. मोटर आणि ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जागेवर आहेत. सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) सहा. बॅटरी एकही नाही, माहितीपुस्तिका नाही, आणि आत चार तऱ्हेचे कनेक्टर लोंबतायत:

१. ईएससीच्या जाड लाल-काळ्या वायरींना निळ्या रंगाचा, दोन गोल पिनांचा.

२. एका छोट्या स्विचमधून दोन वायरी निघतात. एक टोक रिसीव्हरच्या (रिमोटचा संदेश घेणारी डबी) 'बॅट' लिहिलेल्या खोबणीत जातं, दुसऱ्या टोकाला लाल, दोन पिनांचा, खिटी असलेला छोटा कनेक्टर.

३. पंखाच्या मुळाशी दोन्हीकडे हिरवा, चपट्या सहा पिनांचा.

४. नाकाजवळ एक सुटी वायर, टोकाला पांढरा, अगदी बारीक, तीन पिनांचा. कशाचा आहे कळत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. ईएससीचा जो सर्व्होसारखा प्लग रिसीव्हरला जातो, त्यातली मधली लाल वायर बाहेर ओढून टेपने गुंडाळून ठेवली आहे. तुटलेली नाही, मुद्दाम काढल्यासारखी दिसते.

इथे ज्या ३एस २२०० (तीन सेलच्या, २२०० एमएएच) बॅटऱ्या मिळतात त्या सगळ्यांना पिवळा कनेक्टर असतो. मग निळ्यावरून पिवळ्यावर जाणारा ॲडॅप्टर घ्यावा की कापून बदलावा? लाल कनेक्टरला कुठली बॅटरी लावायची? पुण्या-मुंबईत यातलं काय हातोहात मिळतं? घरात २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आहे, ती पुरेल का?

---

मिमीत_बोला

आधी एक करा, रंग विसरा. पिवळा म्हणजे एक्सटी-६० असं सगळे धरून चालतात, पण एक्सटी-३० पिवळा, एक्सटी-९० पिवळा, आणि मोटर-ईएससीच्या मध्ये लावतात तो तीन पिनांचा एमटी-६० पण पिवळाच. नकली माल तर कुठल्याही रंगात येतो. कनेक्टर ओळखायचा तो दोन मापांवरून: पिनेची जाडी आणि दोन पिनांमधलं अंतर. शंभर-दोनशे रुपयांचा प्लास्टिकचा व्हर्निअर घ्या.

प्लास्टिकचाच. स्टीलचा व्हर्निअर बॅटरीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये घातलात की दोन्ही टोकं एकदम टेकतात आणि व्हर्निअरचाच वेल्डिंग रॉड होतो. तुमच्याकडे आत्ता बॅटरी नाही म्हणून धोका नाही, पण सवय आत्तापासून लावून घ्या.

जाड वायरींवरचे जे कनेक्टर हल्ली भेटतात त्यांची मापं अशी:

एक्सटी-३०: पिन २ मिमी, दोन पिनांच्या मध्यांत अंतर ५ मिमी.
एक्सटी-६०: पिन ३.५ मिमी, अंतर ७.२ मिमी.
एक्सटी-९०: पिन ४.५ मिमी.
ईसी-३: पिन ३.५ मिमी, घर (प्लास्टिकचं कवच) निळं.
ईसी-५: पिन ५ मिमी, घर तेही निळं.
टी-प्लग, म्हणजे डीन्स: पिना गोल नाहीत, दोन चपट्या पट्ट्या, एक उभी एक आडवी. घर बहुतेकदा लाल.

पिन मोजताना टोकाशी मोजू नका. चिरा पाडलेली पिन टोकाशी थोडी फाकलेली असते, त्यामुळे ३.५ ची पिन ३.७ दाखवते. बुडाशी मोजा.

तुमचा निळा ईसी-३ असणार असा माझा अंदाज. ईसी-३ आणि एक्सटी-६० दोन्हींची पिन ३.५ चीच, पण घरं वेगळी असल्यामुळे एकमेकांत जात नाहीत. दाबून बसवायला जाऊ नका, घर फाटतं आणि उलटं बसण्याची भीती असते.

आता बारीक कनेक्टरांकडे. इथे मुख्य घोळ नावाचा आहे. 'जेएसटी' हे कनेक्टरचं नाव नाही, जपानी कंपनीचं आहे. दुकानात जाऊन 'जेएसटी द्या' म्हणणं म्हणजे वाण्याकडे जाऊन 'टाटा द्या' म्हणणं. तो विचारणार, मीठ देऊ की चहा? मालिका सांगावी लागते, आणि मालिका पिनांच्या अंतरावरून कळते:

२.५ मिमी, दोन पिना, लाल घर, वर खिटी: आरसीवाय. दुकानात याला कोणी 'लाल जेएसटी' म्हणतं, कोणी 'बीईसी कनेक्टर'.
२.५ मिमी, पांढरं घर, बॅटरीच्या बारीक वायरींवर: एक्सएच. हा बॅलन्स प्लग, चार्ज करताना सगळे सेल सारखे भरायला. जितके सेल त्याहून एक पिन जास्त, म्हणजे ३एसला चार पिना.
२.० मिमी: पीएच.
१.५ मिमी: झेडएच.
१.२५ मिमी: बाजारात 'मायक्रो जेएसटी' म्हणून विकतात. बहुतेक वेळा तो जेएसटीचा नसतोच, मोलेक्सच्या पिकोब्लेडची नक्कल असते. जेएसटीचा खरा १.२५ चा म्हणजे जीएच, त्याला खिटी असते, आणि तो यात बसत नाही.

एवढं बारीक अंतर एका पिनेपासून शेजारच्या पिनेपर्यंत मोजलं तर चूक होतेच. पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून भागा. तीन पिना आणि टोकाचं अंतर २.५ आलं, तर २.५ भागिले २, म्हणजे १.२५.

ओढून ठेवलेल्या लाल वायरीवरून पुष्कळ कळतं. त्या वायरीतून ईएससीचा बीईसी, म्हणजे त्यातला रिसीव्हरसाठीचा वीजपुरवठा, रिसीव्हरला ५ व्होल्ट देतो. ती काढली आहे आणि स्विचमधून वेगळी वायर 'बॅट'मध्ये जाते, याचा अर्थ आधीच्या मालकाने रिसीव्हरला स्वतंत्र पॅक लावला होता. सहा सर्व्होंचा ग्लायडर आणि जुना लिनिअर बीईसी असेल तर त्याने बरोबर केलं. लिनिअर बीईसी जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवतो. ३एसवर ११.१ मधून ५ वजा करा, ६.१ व्होल्ट उरले. सर्व्होंनी सरासरी १ अँपिअर जरी ओढला तरी ६ वॅट, तेही एवढ्याशा पत्र्यावर. तापला की बंद पडतो, आणि मग रिसीव्हरही बंद.

तर ती लाल वायर आहे तिथेच राहू द्या. पुन्हा आत घालून वर स्वतंत्र पॅकही लावलात तर दोन पुरवठे एकमेकांवर चढतील.

मापं घ्या आणि ईएससीवर काय छापलं आहे ते इथे टाका.

---

हिरवा_डबा

तिसऱ्या नंबरचा हिरवा म्हणजे मल्टिप्लेक्सचा सहा पिनी, बोलताना सगळे एमपीएक्स म्हणतात. युरोपातल्या ग्लायडरांमध्ये पंखाच्या मुळाशी हाच असतो. तो बदलू नका. चांगला कनेक्टर आहे, सहा पिना दोन सर्व्होंना पुरतात, आणि पंख खोचला की आपोआप जोडला जातो.

मात्र कुठल्या पिनेवर काय, याचा कसलाही ठरलेला नियम नाही. ज्याने बांधला त्याची मर्जी. कोणी एलेरॉनचे (पंखाच्या टोकाकडची हलती पट्टी) तीन एका रांगेत आणि फ्लॅपचे (मुळाकडची पट्टी) तीन दुसऱ्या रांगेत घेतो, कोणी दोन्हींचे प्लस एकत्र, मायनस एकत्र करतो. त्यामुळे नेटवरचं चित्र बघून जोडू नका, मल्टिमीटर बीपवर ठेवून स्वतः शोधा:

पंख काढून ठेवा, रिसीव्हरमधून त्या पंखाचे दोन्ही प्लग काढा. सर्व्हो प्लगमध्ये मधली पिन प्लस, ही गोष्ट जेआर, फुटाबा, हायटेक या तिन्ही कंपन्यांत सारखी. एक प्रोब मधल्या पिनेवर, दुसरा हिरव्याच्या सहा पिनांवर एकेक करून. बीप आला की कागदावर टिपा. मग मायनस: जेआरमध्ये तपकिरी, फुटाबा-हायटेकमध्ये काळी. उरलेली सिग्नलची: नारिंगी, पांढरी किंवा पिवळी. कागदावर 'समोरून बघताना' की 'वायरींच्या बाजूने' हे लिहून ठेवा, नाहीतर डावं-उजवं उलटतं. उजव्या पंखाची जोडणी डाव्याची आरशातली प्रतिमा असू शकते, म्हणून दोन्ही पंख वेगवेगळे तपासा.

पिनांवर काळपटपणा असेल तर आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा सोन्याचा मुलामा जातो आणि वर्षभरात परत काळं पडतं.

आणखी एक पाहा. फ्यूजलाजमधला अर्धा चिकटवलेला असेल तर पंखातला अर्धा थोडा हलता हवा. दोन्ही घट्ट चिकटवलेले असले की पंख लवतो तेव्हा सगळा ताण सोल्डरवर येतो आणि एक दिवस सिग्नलची वायर तुटते. वायर तुटली तरी वरून काही दिसत नाही, कारण श्रिंक ट्यूब तिला जागेवर धरून ठेवते. म्हणून बीप लावलेला असतानाच वायर हळूच हलवून बघा. बीप अडखळला तर तोच दोषी.

---

टाचणी

कुठे मिळेल त्याबद्दल.

एक्सटी-६०, एक्सटी-३०, सिलिकॉन वायर, श्रिंक ट्यूब, सर्व्हो एक्स्टेंशन, एक्सएच बॅलन्स वायर: मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. ड्रोन आणि रोबोटिक्सचे सुटे भाग विकणारी ऑनलाइन दुकानंही हे सगळं ठेवतात, आणि खरं सांगायचं तर निवड तिथे जास्त. दुकानात जायचं झालं तर जुना कनेक्टर खिशात घालून न्या. तोंडी वर्णनावर भलताच तुकडा हातात पडतो.

एक्सटी-६० घेताना घरावर उठावात अमास हे कंपनीचं नाव बघा. तेवढ्यावर भागत नाही, नक्कल करणारे नावही उठवतात. जोडी लावून बघा: खरी जोडी लावताना सारखा दाब लागतो आणि काढताना दोन्ही हात लागतात. सैल वाटली, पिना घरात डुगडुगल्या, किंवा पिनांचा पिवळेपणा पितळी वाटला तर ठेवून द्या. नकली घर सोल्डर करताना लोण्यासारखं मऊ होतं आणि पिना तिरक्या होतात. एकदा तिरकी झाली की वरून कितीही छान दिसो, आत अर्धाच स्पर्श राहतो.

त्या अर्ध्या स्पर्शाने काय होतं ते आकड्यात: चांगल्या जोडणीचा रोध १ मिलिओहमच्या आसपास धरा. २५ अँपिअरला ०.६ वॅट, कोमट. तोच रोध २० मिलिओहम झाला तर १२.५ वॅट. म्हणजे तुमच्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी उष्णता, बंद फ्यूजलाजमध्ये, लिपो बॅटरीला खेटून.

मागताना 'मेल-फीमेल'वर जाऊ नका. कोणी प्लास्टिक बघून मेल म्हणतं, कोणी धातू बघून. सरळ सांगा: भोकवाला बॅटरीच्या बाजूचा, पिनवाला ईएससीच्या बाजूचा. बॅटरीवर नेहमी भोकवाला, कारण जिवंत धातू उघडा राहता कामा नये. मागे टोपी असलेला एक्सटी-६०एच मिळाला तर तो घ्या, श्रिंक ट्यूबचं काम वाचतं.

वायर १४ गेजची सिलिकॉन, लाल-काळी अर्धा अर्धा मीटर. तांब्याचा छेद साधारण २ चौरस मिमी. इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ ची घरगुती वायर आकड्यात बसते, पण ती कडक असते, आणि सोल्डर करताना पीव्हीसी मागे सरकत जातं. नको.

निळा ईसी-३ इथे कमी दिसतो, ऑनलाइन मिळतो. एमपीएक्स लागलाच तर दोन्ही अर्धे एकाच ठिकाणचे घ्या. असली आणि नकली यांची सरमिसळ केली की एकतर निघत नाही, नाहीतर आपोआप निघतो.

---

घिरट्या

मापं घेतली.

निळा: पिन बुडाशी ३.५ मिमी. लाल: दोन पिनांत २.५. पांढरा: टोकाच्या पिनांत २.५, म्हणजे १.२५ चा, खिटी नाही. ईएससीच्या लेबलवर '२-४एस, ४० ए' आणि खाली 'बीईसी ५ व्होल्ट ३ ए, लिनिअर'. सर्व्होंवर '४.८ ते ६ व्होल्ट'.

हिरव्याचं बीप करून पाहिलं. दोन्ही पंखांत प्लस-मायनस एकत्र केलेले आहेत, दोन पिना प्लस, दोन मायनस, दोन सिग्नल. उजवीकडे खरोखरच आरशातल्यासारखं आहे. उजव्या फ्लॅपचा सिग्नल वायर हलवली की अडखळतो.

एक्सटी-३० लावला तर वजन वाचेल ना? मोटर तर अर्धा मिनिटच चालते.

---

मिमीत_बोला

ठरलं मग. निळा ईसी-३, लाल आरसीवाय, पांढरा पिकोब्लेडची नक्कल. पांढरी वायर बहुतेक व्हेरिओची (विमान चढतंय की उतरतंय ते सांगणारं यंत्र) किंवा उंची नोंदवणाऱ्या यंत्राची असणार. तिला हात लावू नका, उघडं टोक टेपने झाका आणि यंत्र मिळेल तेव्हा बघू.

एक्सटी-३० नको. अमासच्या मापाने तो १५ अँपिअर सलग आणि ३० थोड्या वेळापुरता. ग्लायडरची मोटर थोडाच वेळ चालते हे खरं, पण तुमचा ईएससी ४० चा आहे आणि प्रोपेलर कुठला लागणार ते अजून ठरलं नाही. एक्सटी-६० सलग ३० आणि थोड्या वेळापुरता ६०, म्हणजे निर्धास्त. फरक जोडीमागे तीन-चार ग्रॅमचा. टी-टेलच्या जुन्या ग्लायडरमध्ये शेपूट जड असते, सीजी (तोलाचा बिंदू) जुळवायला नाकात शिसं भरायचं आणि कनेक्टरमध्ये चार ग्रॅम वाचवायचे, याला काय अर्थ?

ॲडॅप्टर उडताना नको. एका जोडणीच्या जागी दोन होतात, लांबी पाच-सहा सेंटिमीटरने वाढते आणि अरुंद नाकात बॅटरी सरकवताना तोच अडकतो. तुमच्याकडे निळ्याची एकही बॅटरी नाही, म्हणजे जुनं सांभाळायचं कारणच उरलं नाही. ईएससीवरचा निळा कापा, पिनवाला एक्सटी-६० लावा, विषय संपला.

बॅटरी पोचत नाही म्हणून वायर लांब करायची वेळ आली तर बॅटरी ते ईएससी लांब करू नका. लांब वायरीत व्होल्टेजचे झटके उठतात आणि ईएससीच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर त्यात मरतात. ईएससीच मागे सरकवा आणि मोटरच्या तीन वायरी लांब करा.

---

हिरवा_डबा

लाल आरसीवायबद्दल माझं मत वेगळं. तो चालू होता म्हणून ठेवू नये. त्याची मर्यादा ३ अँपिअर. सहा सर्व्हो एकदम हलले, म्हणजे उतरताना फ्लॅप खाली, एलेरॉन वर आणि एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) ओढलेला, की तेवढा क्षणभर सहज लागतो. शिवाय त्याच वायरीवर जुना छोटा स्विच आहे. सरकत्या स्विचच्या आत पितळेची पट्टी गंजते. दोन्ही काढा आणि पॅकपासून रिसीव्हरपर्यंत २० गेजची वायर घ्या. मध्ये एक्सटी-३० लावा, इथे तो हक्काने शोभतो. स्विच नकोच. एक्सटी-३० जोडला की चालू, काढला की बंद.

तुमचे सर्व्हो ६ व्होल्टचे आहेत, त्यामुळे रिसीव्हरला २एस लिपो थेट लावू नका, भरलेली ८.४ व्होल्ट असते. ४ सेलची निकेल-मेटल हायड्राइड, ४.८ व्होल्टची, २००० एमएएच, सेल्फ-डिस्चार्ज कमी असलेल्या सेलांची. ५ सेलची भरल्या भरल्या ७ च्या आसपास जाते, जुन्या सर्व्होंना ते सोसेलच असं नाही. पॅक दुकानातून टॅब वेल्ड करून घ्या. सेलवर थेट डाग दिला की आतलं सील तापतं.

---

टाचणी

स्विच काढण्याला पाठिंबा. एकच दुरुस्ती: रिसीव्हरच्या बाजूचं टोक शेवटी सर्व्हो प्लगच असणार, म्हणजे ३ अँपिअरची अडचण तिथे परत येते. तेव्हा एक्सटी-३० नंतर वायर दोन फाट्यांत विभागा, एक प्लग 'बॅट'मध्ये आणि दुसरा एखाद्या मोकळ्या चॅनेलमध्ये. त्या दुसऱ्या प्लगमधली सिग्नलची पिन रिकामी ठेवा. रिसीव्हरमध्ये प्लस-मायनसच्या पट्ट्या सगळ्या चॅनेलना सामाईक असतात, त्यामुळे प्रवाह दोन्हीकडून वाटून जातो.

सर्व्हो प्लगच्या पिना स्वतः क्रिंप करायच्या असतील तर २.५४ चे टर्मिनल आणि एसएन-२८बी सारखी पक्कड लागते. साध्या पकडीने दाबलेली पिन हाताला घट्ट वाटते आणि थरथरीत सुटते. दोनच प्लग हवेत, तर तयार सर्व्हो एक्स्टेंशन आणून कापा. पण आणताना २२ गेजचं आणा, २६ चं नको.

---

डागवाला

२५ वॅटच्या आयर्नचं कोणीच सांगितलं नाही. ती सर्व्होच्या वायरींना आणि हिरव्या कनेक्टरला ठीक आहे. १४ गेज आणि एक्सटी-६० ला पुरत नाही. कमी वॅटची आयर्न जास्त वेळ टेकवावी लागते, तेवढ्यात उष्णता वायरीतून पळते, घर वितळतं आणि डाग थंडच राहतो. ६० वॅटची घ्या, टोक चपटं आणि रुंद, तापमान ठरवता येत असेल तर ३५० ते ३८० अंश. सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७, आत रोझिन असलेली. हार्डवेअरच्या दुकानात डबीत मिळणारी पेस्ट यासाठी नको, तिच्यात आम्ल असतं, महिन्या-दोन महिन्यांत तांबं हिरवं पडतं.

ईएससीच्या बाजूचं काम असं:

निळा कापताना कनेक्टरच्या लगत कापा, लांबी वाया घालवू नका. श्रिंक ट्यूबचे तुकडे, ६ मिमीचे, आधी वायरीत ओवा आणि दूर मागे सरकवा. हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि सगळेच विसरतात. जवळ ठेवले तर डाग देतानाच आवळून बसतात.

वायरीची साल ४ ते ५ मिमी काढा, पिनेच्या वाटीच्या खोलीएवढीच. तार पिळा, सोल्डर पाजा, आतपर्यंत चकाकली पाहिजे.

एक्सटी-६० एकटा धरून डाग देऊ नका. समोरचा अर्धा त्याच्यात खोचा, मग तापवा. समोरच्या पिना ह्या पिनांना सरळ धरतात आणि घर मऊ झालं तरी सरकत नाहीत. मात्र तो समोरचा अर्धा कुठल्याही बॅटरीला जोडलेला नसावा. फालतू अर्धा असेल तर तोच कायमचा या कामाला ठेवा.

वाटी वर करून चिमट्यात पकडा, वाटीत अर्ध्याहून थोडी जास्त सोल्डर भरा. आयर्नचं टोक वाटीच्या बाहेरच्या बाजूला टेकवा, आतली वितळली की वायर घाला, दोन-तीन सेकंद, आयर्न काढा, वायर हलवू नका. पाच सेकंदांत वितळत नसेल तर थांबा, गार होऊ द्या, टोक साफ करून परत. चकचकीत आणि वायरीकडे उतरत गेलेला डाग चांगला. गोळा होऊन बसलेला, भुरकट डाग म्हणजे थंड, परत करा.

प्लस-मायनस घरावर उठावात असतं. एक्सटी-६० ची एक बाजू सरळ, दुसरी कोपरे कापलेली. कापलेल्या बाजूला मायनस. तरीही खूण वाचूनच लावा. नवी बॅटरी आणली की तिच्यावरही मल्टिमीटर लावून बघा, तयार बॅटरीत लाल-काळं उलट लागलेलं असू शकतं. ईएससीला उलटं लागलं तर दुसरी संधी मिळत नाही.

कधी बॅटरीवरचा कनेक्टर बदलायचा झाला तर दोन्ही वायरी एकदम कापू नका, कटरच शॉर्ट करतो. एक कापा, साल काढा, डाग द्या, ट्यूब चढवा, आवळा, मगच दुसरी. बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवलेली असावी, पूर्ण भरलेली नको.

पहिल्यांदा बॅटरी जोडण्याआधी प्रोपेलर काढा. मग दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब प्लसच्या वायरीत मालिकेत जोडून बॅटरी लावा. ३एसला हा बल्ब अगदी जमतो. क्षणभर पेटून विझला, तर कपॅसिटर भरले, सगळं ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच काढा. बल्बने दोन-एक अँपिअरवर प्रवाह अडवलेला असतो, म्हणून काही जळत नाही. बल्ब असताना मोटर फिरवायचा प्रयत्न मात्र करू नका, ईएससी व्होल्टेज कमी म्हणून पिपाण्या वाजवतो आणि माणूस उगाच घाबरतो.

उजव्या फ्लॅपच्या सिग्नलचं: हिरव्याच्या मागची ट्यूब ब्लेडने उभी चिरा, आडवी नाही. तुटलेली एकच वायर परत लावा, पण समोरचा हिरवा खोचलेला ठेवून. त्याच्याही पिना तापल्या की आत सरकतात.

---

घिरट्या

यादी अशी केली: खरा एक्सटी-६०एच दोन जोड्या, एक्सटी-३० एक जोडी, १४ गेज लाल-काळी अर्धा अर्धा मीटर, २० गेज तेवढीच, २२ गेजची सर्व्हो एक्स्टेंशन दोन, श्रिंक ट्यूब ३ आणि ६ मिमी, २१ वॅटचा बल्ब, ६० वॅटची आयर्न. शनिवारी तपकीर गल्ली.

एक राहिलं. चार्जरला बाहेर नुसती ४ मिमीची दोन बनाना भोकं आहेत. त्याला वेगळा कनेक्टर?

---

मिमीत_बोला

बनाना-ते-एक्सटी-६० अशी तयार वायर मिळते, यादीतल्या दुसऱ्या जोडीतून घरीही होईल. चार्जरच्या वायरीवर पिनवाला, ईएससीसारखाच. बॅलन्ससाठी चार पिनी एक्सएच चार्जरच्या बाजूला असतोच. रिसीव्हरच्या पॅकसाठी तशीच एक बनाना-ते-एक्सटी-३० करा आणि चार्जरवर निकेलचा प्रोग्रॅम निवडा. लिपोचा निवडलात तर चुकीच्या व्होल्टेजवर थांबेल किंवा थांबणारच नाही.

जोडताना बनाना आधी चार्जरमध्ये, बॅटरी नंतर. काढताना बॅटरी आधी. उलट केलंत तर बॅटरीला लटकलेल्या दोन उघड्या बनाना पिना टेबलावर एकमेकींना टेकतात.

---

डागवाला

यादीत एक्सटी-३० दोन जोड्या करा. एक पॅक-रिसीव्हरमध्ये जाईल, चार्जरच्या वायरीसाठी पिनवाला अर्धा दुसरीतून लागेल. उरलेला भोकवाला अर्धा डाग देताना समोर खोचायला होईल.